मंचरचा डबा

८ जुलै २०२५, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या देते, पण रोज लिहून ठेवत जा. काय खाल्लं, काय आठवलं, काय विसरले. महिन्यानं वही दाखवा. म्हणून ही वही.

तर आमचे हे, सावळेराम साळवे, वय शहात्तर, पूर्वी ट्रक चालवायचे. सकाळी दीड भाकरी, मेथी, पेलाभर दूध. गोळी घेतली. अंघोळ नको म्हणाले, मग केली. तासभर किल्ली शोधत होते. कुठली म्हणून विचारलं तर ट्रकची. ट्रक विकून पंधरा वर्षं झाली.

वाचता अजून चांगलं येतं. समोर अक्षर दिसलं की वाचतातच, मग ती दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली. आज चहाच्या वेळी पत्तीचा स्टीलचा डबा हातात घेतला आणि झाकणावर कोरलेलं नाव मोठ्यानं वाचलं, "सौ. सज्जनबाई सुवालाल, मंचर." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "ह्यो डबा आपला न्हाई."

म्हटलं, "चहा घ्या, गार होतोय."

दुपारी विचारलं, "स्नेहल आली का?" म्हटलं, येईल.

११ जुलै, शुक्रवार

स्नेहल आली का, आज चार वेळा.

डॉक्टरीणबाई विचारतील, स्नेहल कोण. आमची एकुलती एक मुलगी. २००६ साली तिनं मंचरच्या अंकितशी लग्न केलं, पुण्याला कोर्टात. अंकितचं घर जैन, वाडवडील राजस्थानातले, मंचरला कांदा-बटाट्याची आडत. दिवसभर बटाटा विकतात आणि पर्युषणात तोंडात घालत नाहीत. आमचं घर कॅथलिक. माझं माहेर श्रीरामपूरकडचं. मी दवाखान्यात आया म्हणून एकतीस वर्षं काढली, आणि इथल्या आमच्या सात घरांतल्या मुलांना धर्मशिक्षण देते. शाळा माझी दुसरीपर्यंत. पुढचं वाचायला त्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकावरच शिकले. तर अशा घरातली मुलगी, आणि लग्न चर्चबाहेर.

तेव्हा हे भडकले. म्हणाले, या उंबऱ्यात पाय ठेवायचा नाही. त्याला एकोणीस वर्षं झाली. आमच्या वारूळवाडीतून मंचर पाऊण तासावर.

आता ज्यांनी बंदी घातली तेच विसरले, आणि रोज तिची वाट बघतात. तिचा नंबर माझ्याकडे आहे, या वहीच्या शेवटच्या पानावर उतरवलाय. पण मी फोन कशी करणार? बंदी त्यांची. उठवायची तर त्यांनीच.

१६ जुलै, बुधवार

आज मुलांचा वर्ग. जड पाप व्हायला तीन गोष्टी लागतात, तो धडा होता. बाब मोठी हवी, ती चूक आहे हे पुरतं कळत असायला हवं, आणि स्वतःच्या मर्जीनं केलेली हवी. तीनपैकी एक जरी नसली तर भार कमी. मी नेहमी काचेच्या ग्लासाचं उदाहरण देते. धुताना हातातून निसटला तर पाप नाही. आईला रडवायचं म्हणून मुद्दाम आपटला, तर मग बघायला लागेल.

मुलं गेल्यावर भांडी घासता घासता ते डोक्यात घोळत राहिलं. २००६ साली यांना सगळं पुरतं कळत होतं. बाब मोठी. मर्जी यांचीच. तिन्ही बसतात. आणि यांनी फादरांपुढं त्याचं पापनिवेदन कधी केलं असेल असं मला वाटत नाही. आता कळणंच दिवसेंदिवस ओसरत चाललंय. दूध नासायच्या आत तापवून घ्यावं, तसं हे काम उरकायला हवं.

तीन तारखेला फादर येणार. सतरा-अठरा दिवस आहेत. मुलांकडून पाठ करून घेते, तसं यांच्याकडून करून घ्यायचं.

भात, आमटी, अर्धा पेरू.

२० जुलै, रविवार

सकाळी बसवलं समोर.

"म्हणा, फादर मला आशीर्वाद द्या, मी पाप केलं आहे."

म्हणाले. लहानपणचं पाठ आहे, न अडता आलं.

"आता म्हणा, मी माझ्या मुलीला घराबाहेर काढलं."

"कोणाच्या मुलीला?"

"तुमच्या. स्नेहलला."

"म्या?"

"तुम्ही."

मग म्हणाले, "तवा तू कुठं व्हती?"

"मी आत. चुलीपाशी."

"मंग तू काय म्हणली?"

म्हटलं, "ते राहू द्या. पुढचं म्हणा."

तेवढ्यात खोडदचे गेणूभाऊ आले, पिशवीभर टोमॅटो घेऊन. पंचवीस वर्षं यांच्या ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर, होते, आता शेती करतात. त्यांनी दारातूनच ऐकलं.

"काय वहिनी, म्हाताऱ्याला शाळेत घातला का?"

मी सांगितलं काय चाललंय. गेणूभाऊंनी पायातली चप्पल काढली, बसले, तंबाखू मळली.

"त्यो इसरला, वहिनी. तुमीच ध्यानात ठिवलंय. आता त्यानं आधी तुमच्याकडून शिकायचं आन मंग त्याचीच माफी मागायची व्हय?"

"तुम्हाला आमच्यातलं काय कळतंय, गेणूभाऊ."

"न्हाई कळत. आमच्या खोडदच्या त्या दुर्बिणीच्या मोठाल्या छत्र्या आभाळातल्या ताऱ्यांचं ऐकत्यात म्हणं. तुमाला मंचरचं ऐकू येत न्हाई, एवढं कळतं."

चहा न घेता गेले. टोमॅटो चांगले होते. सार केलं, यांनी दोन वाट्या घेतलं.

२४ जुलै, गुरुवार

पाठ झालं. आज अख्खं म्हणाले, एका दमात, आणि शेवटी माझ्याकडे बघून "बराबर?" म्हणाले. पश्चात्ताप म्हणाल तर चेहऱ्यावर काही नाही. पण पश्चात्ताप देवानं बघायचा, मी पाठांतर बघते.

नंतर डबा वाचला. "ह्यो आपला न्हाई. कुणाचा हाय त्याला दे." हे आता रोजचं झालंय. पत्ती बरणीत काढून डबा माळ्यावर टाकावा.

३ ऑगस्ट, रविवार

फादर मोटारसायकलवर भिजत आले. मिस्सा, म्हणजे आमची उपासना, आमच्या पडवीतच असते. त्याआधी मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, असं असं पाठ करून घेतलंय, तेवढं नीट ऐकून घ्या.

फादर वयानं लहान आहेत, माझ्या नातवासारखे. म्हणाले, "सरूबाई, त्यांना जे बोलायचंय ते ते बोलतील. पाठ केलेलंच बोलायला हवं असं नाही."

"पण ते विसरतील."

"विसरले तर विसरले. माणसाला जेवढं कळतं, आणि त्यातलं जेवढं तो आपल्या मर्जीनं करतो, तेवढ्याचाच जाब असतो. आजारानं कळणंच गेलं तर आज त्यांच्याकडून आपण काय मागणार?"

"आजचं नाही म्हणत मी. एकोणीस वर्षांपूर्वी कळत होतं की."

"तेव्हाचं त्यांचं मन तुम्हाला आतून दिसलं होतं का?"

मला राग आला. म्हणजे हे असेच सुटणार. लिहिते ते खरं लिहिते, सुटलेले मला नको होते.

पापनिवेदन स्वयंपाकघरात झालं. मी पडवीत सतरंज्या अंथरत होते. डाळ उतू जाईल म्हणून एकदा दारापर्यंत गेले, आणि परत फिरले. डाळ चुलीवर नव्हतीच.

फादर बाहेर आले तशी मी विचारलं, "बोलले का?" त्यांनी नुसतं बघितलं. चाळीस वर्षं मी मुलांना शिकवते की पापनिवेदनातलं कुणी विचारायचं नसतं, कुणी सांगायचं नसतं. कान गरम झाले.

पण ज्याचं त्यानं सांगितलं तर कोण अडवणार? सगळे गेल्यावर जेवताना हे आपणहून म्हणाले, "त्या पोराला सांगितलं म्या."

"काय सांगितलं?"

"लोकाचा डबा ठिवून घेतलाय म्हणून. मंचरचा. लई दिस झालं."

"आणि मुलीचं?"

"कोणाच्या मुलीचं?"

मी यांच्या ताटात भात वाढला.

"मग फादर काय म्हणाले?"

"म्हणला, दिऊन टाका."

५ ऑगस्ट, मंगळवार

काल आणि आज दोन्ही दिवस सकाळी पत्ती कागदावर ओतली, डबा पिशवीत घातला आणि चपला घालून दारात बसले. मंचरला जायचंय. समजूत काढली की विसरतात, पण पिशवी दिसली की परत तेच. किल्ली शोधणं थांबलं आहे. आता डबा.

पिशवी लपवली.

९ ऑगस्ट, शनिवार

आज राखीपौर्णिमा, एसटीत पाय ठेवायला जागा नसणार. म्हणून आज मंचर नको, असं यांना सांगितलं. उद्याचं उद्या.

खाण्यापिण्याची वही डॉक्टरीणबाईंसाठी वेगळी केली. ही आता त्यांना दाखवण्यासारखी राहणार नाही.

डब्याचं लिहिते. २००७ सालचा ऑक्टोबर. हे ट्रक घेऊन नागपूरला. दुपारी दारावर थाप पडली. खिडकीतून बघितलं तर स्नेहल, कडेवर तीन महिन्यांचं बाळ. हे घरी नसताना, यांची बंदी असताना मी दार कसं उघडणार? यांच्या धाकानं मी आतून कडी लावली. ती थोडा वेळ उभी राहिली आणि गेली. नंतर दार उघडलं तर पायरीवर डबा. डिंकाचे लाडू होते. बाळंतपणाचे लाडू आईनं करून द्यायचे असतात. इथं तिच्या सासूनं केले, आणि स्नेहलच त्यातले आईसाठी घेऊन आली.

लाडू टाकवले नाहीत. यांना पुढच्या खेपेला बरोबर दिले. म्हणाले, झक्कास झालेत, कुठून आणले. मी म्हटलं, दवाखान्यात एका बाईनं दिले. ती येऊन गेली हे यांना आजतागायत माहीत नाही.

ही काही माझ्या मर्जीची गोष्ट नव्हती. धाक होता.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

मरियेच्या स्वर्गारोहणाचा सण. शाळेचं झेंडावंदन, लाउडस्पीकर, आणि मग आमची मिस्सा. फादर मुद्दाम आले. यावेळी स्वयंपाकघरात मी गेले.

नऊ तारखेला लिहिलं तसंच सांगितलं. फादर म्हणाले, धाकानं केलेल्या गोष्टीचा भार कमी होतो, कधी कधी जवळजवळ उरतच नाही. मला हलकं वाटलं. मग त्यांनी विचारलं, "फार धाक होता का त्यांचा?"

साधा प्रश्न होता. हो म्हणायला तोंड उघडलं आणि यांचा चेहरा समोर आला. या माणसानं पन्नास वर्षांत माझ्यावर दोनदा आवाज चढवला असेल. हात कधीच नाही. स्नेहलला बोलले त्याच्या दुसऱ्या दिवशी जेवलेसुद्धा नाहीत. आठवड्यानं म्हणाले होते, मंचरकडं खेप हाय, बघून येऊ का. मीच म्हटलं, शब्द दिलाय तर पाळा आता.

हेही मी आज पहिल्यांदाच लिहिते आहे.

धाक नव्हता. त्या दुपारी आमच्याकडे जपमाळेची प्रार्थना होती, ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना ना. चार बायका आत बसल्या होत्या. मी धर्मशिक्षण देणारी, आणि माझीच मुलगी जैनाचं मूल कडेवर घेऊन दारात. त्या काय म्हणतील, एवढंच डोक्यात. थाप पडली तेव्हा आमची नमो मरिया चालली होती. मी उठून कडी लावली, परत बसले, आणि थाप ऐकू जाऊ नये म्हणून प्रार्थनेचा आवाज चढवला. बायकांनीही चढवला.

कळत होतं. मर्जी माझीच होती. ग्लास हातातून निसटला नव्हता.

हे सगळं फादरना सांगितलं. त्यांनी पापक्षमा दिली. प्रायश्चित्त काय, तर एक नमो मरिया, हळू आवाजात. मी म्हटलं, "एवढंच? मंचरला जा म्हणून सांगा की."

"नाही सांगणार."

"का?"

"मी सांगितलं म्हणून गेलात तर उद्या म्हणाल, फादरनी पाठवलं. आधी नवरा होता, आता मी. तुम्हाला जायचं तर तुम्ही जा, सरूबाई."

एवढासा पोरगा. असा राग आला होता. रात्रीपर्यंत टिकला नाही.

नमो मरिया म्हटली. 'आम्हा पापी जनांसाठी' तिथं थांबायला झालं, मग पुढं म्हटली.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

दोन आठवडे काही लिहिलं नाही. यांना ताप होता, आता बरे आहेत. मीही त्या तापाच्या आडोशाला बसून राहिले.

आज पोस्टमननं कार्ड आणून दिलं. दरवर्षी येतं. जैनांचं पर्युषण संपतं त्या संवत्सरीला ते लोक सगळ्यांची क्षमा मागतात, घरच्यांची, शेजाऱ्यांची, गिऱ्हाइकांची. छापील कार्ड असतं, पण सज्जनबाई, म्हणजे स्नेहलच्या सासूबाई, खाली हातानं दोन ओळी लिहितात. 'विहीणबाई, वर्षभरात जाणता-अजाणता आमच्याकडून तुमचं मन दुखावलं असेल तर क्षमा असावी. मिच्छामि दुक्कडम्.'

जुनी कार्डं पत्र्याच्या पेटीत होती. काढून बघितली. आजचं धरून एकोणीस. या बाईनं माझं काय वाईट केलं? माझ्या मुलीला बाळंतपणात लाडू करून घातले. आणि एकोणीस वेळा माझी क्षमा मागितली, न कळत घडलेल्याचीसुद्धा. मी कळून केलेल्याची एकदाही नाही.

शेवटच्या पानावरचा नंबर लावला. तिनंच उचलला. मी म्हटलं, "स्नेहल, आई बोलते." तिनं विचारलं, "बाबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. रविवारी आम्ही येऊ का?"

"या," म्हणाली. तेवढंच.

३० ऑगस्ट, शनिवार

डबा रिकामा परत देत नाहीत. डिंक आणून तळला, खारीक फोडायला घेतली. गेणूभाऊ आले आणि वासावर आतच आले.

"भर पावसाळ्यात डिंकाचं लाडू? कोण बाळंतीण हाय?"

"आहे एक. अठरा वर्षं झाली."

गेणूभाऊ खाली बसले. खारकेच्या बिया काढू लागले. जाताना म्हणाले, "भरत जीप घिऊन ईल. सावळ्याला एसटीत धक्के नगं." भरत त्यांचा मुलगा.

मी म्हटलं, "राहू द्या. एसटीनंच जाऊ." जाणार तर आपल्या पायानं.

३१ ऑगस्ट, रविवार

हायवेला गणपतीची गर्दी, मंचरला पोचायला सव्वा तास. हे सगळ्या पाट्या वाचत आले. डबा मांडीवर.

दारात सज्जनबाई. माझ्याहून थकल्या आहेत. "या, विहीणबाई," म्हणाल्या, जणू मागच्याच महिन्यात येऊन गेले होते. यांनी त्यांना खालपासून वरपर्यंत बघितलं आणि डबा पुढं केला.

"सौ. सज्जनबाई सुवालाल, मंचर?"

"हो."

"तुमचा डबा. राहिला व्हता."

स्नेहल आतून आली. केस पांढरे व्हायला लागलेत. यांनी तिला नमस्कार केला, परक्या बाईला करतात तसा. ती यांच्या पायाशी बसली. "बाबा, मी स्नेहल." हे म्हणाले, "आमची पण स्नेहल हाय. यील आता."

तिचा चेहरा मी लिहीत नाही.

मला वाटलं होतं, तिला एकटीला बाजूला घेऊन सांगेन. पण मग सांगितलंच नसतं. सगळ्यांसमोर म्हटलं, "स्नेहल, त्या दिवशी कडी मी लावली. बाबांना ठाऊकच नव्हतं तू आलीस ते. बाबांच्या धाकानं नाही. आत बायका होत्या, लाज वाटली म्हणून."

ती म्हणाली, "माहीत आहे. आवाज चढवलात ना सगळ्यांनी. तुझा आवाज मला ओळखू येतो, आई."

"मग एवढी वर्षं..."

"तू सांगशील म्हणून थांबले."

क्षमा कशी मागायची ते मी मुलांना शिकवते, त्याचं वाक्य पाठ आहे. ते आलं नाही. नुसतं "चुकले" म्हटलं. क्षमा केलीस का, हे मी विचारलं नाही. तिलाही तिची मर्जी आहे. सज्जनबाईंनी डबा उघडला, एक लाडू फोडून सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. यांनी खाल्ला. म्हणाले, "झक्कास. कुठून आणलं?"

म्हटलं, "मी केले."

ते बाळ, रिंकू, आता पुण्याला कॉलेजात आहे. फोटो बघितला. नाक यांचं आहे.

निघताना स्नेहल म्हणाली, "वारूळवाडीला येईन की नाही, आत्ता सांगत नाही." म्हटलं, दार उघडं असेल.

८ सप्टेंबर, सोमवार

स्नेहल अजून आलेली नाही. रोज संध्याकाळी फोन येतो, यांच्यासाठी. यांना आवाज कळतो, फोन ठेवला की जातो. मग विचारतात, स्नेहल आली का. म्हणते, आत्ता फोनवर बोललात.

पत्ती आता प्लास्टिकच्या बरणीत. तिच्यावर नाव नाही, तरी हे रोज सकाळी जागा चाचपतात.

"हितं डबा व्हता."

"परत दिला. मंचरला."

"कुणी ठिवून घेतला व्हता?"

पहिल्या दिवशी वाटलं, काहीतरी सांगून द्यावं, यांना कुठं लक्षात राहणार आहे. पण रोज खोटं सांगायचं म्हणजे रोज कडी लावायची. म्हणून खरं सांगते. आज आठवा दिवस.

"मी ठेवून घेतला होता. स्नेहल आली होती, मी दार उघडलं नाही."

हे रोज नव्यानं ऐकतात. रोज थोडं वाईट वाटतं त्यांना, चेहऱ्यावर दिसतं. मग विचारतात, "दिला ना पर आता?"

"दिला."

"मंग झालं. च्या टाक."

चहा, दोन खारी. गोळी घेतली.